टोपीकरांची वस्ती आणि सावित्रीचें खोरें

महाड शहर सोडून बिरवाडीच्या बाजूस वळलें कीं थोड्याच वेळांत औद्योगिक वसाहतीचीं धुराडीं दिसूं लागतात. रसायनांचा उग्र वास, टॅंकरांच्या रांगा, पाळी बदलण्याच्या वेळीं कारखान्यांच्या फाटकांपाशीं जमलेली माणसें, असें हें आजचें दृश्य आहे. अशा कारखान्यांत एखादें मोठें यंत्र परदेशांतून आलें, तर तें बसवून देण्यास त्या देशाचा माणूसहि येतो. त्याच्या पासपोर्टावर मुदतीचा शिक्का असतो. मुदत संपली कीं त्यानें परत जावें, किंवा सरकारदरबारीं अर्ज करून ती वाढवून घ्यावी. त्या माणसास बहुधा ठाऊक नसतें, आणि त्याला चहा देणाऱ्या आपल्या लोकांसहि क्वचितच आठवतें, कीं परक्या माणसानें ह्या मुलखांत कोठें, किती दिवस व कोणत्या अटींवर राहावें ह्या प्रश्नाची एक मोठी वाटाघाट येथून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर, रायगडाच्या माथ्यावर, साडेतीनशें वर्षांपूर्वीं झालेली आहे.

परदेशांत कायम राहण्याचा परवाना हा विषय आज सुशिक्षित घरांतून रोज निघतो; पण तो निघतो अर्जदाराच्या बाजूनें. कोणाचा मुलगा अमेरिकेंत परवान्याची वाट पाहत असतो, कोणाची सून विलायतेंत वर्षें मोजीत असते. यजमानाच्या बाजूनें ह्या प्रश्नाचा विचार करण्याची संवय आपणांस राहिलेली नाहीं. वास्तविक आपल्या पूर्वजांनीं तो विचार केला होता, आणि तो फार बारकाईनें केला होता. त्या विचाराचें पुढें काय झालें, हें पाहावयाचें तर सावित्री नदीचें एक खोरें पुरेसें आहे. महाबळेश्वरीं उगम, पोलादपुराजवळून खालीं उतरणें, महाडास वळसा घालून बाणकोटाशीं समुद्रास मिळणें, एवढाच ह्या नदीचा प्रवास. परंतु परकीयांच्या वस्तीविषयींचा मराठ्यांचा सगळा इतिहास, त्यांतील शहाणपणासकट आणि चुकीसकट, तिच्या कांठीं सांपडतो.

आरंभ मात्र गोड नाहीं. इ. स. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हां राजापूरच्या वखारींतील इंग्रजांनीं त्याला तोफेची व दारूगोळ्याची मदत केली, आणि आपलें निशाण लावून गडावर मारा केला. इंग्रज राजापुरांत राहत होते ते व्यापारी म्हणून. व्यापाऱ्यानें वेढ्यांत तोफ डागली म्हणजे तो व्यापारी राहत नाहीं, हा साधा न्याय शिवाजी महाराजांनीं लाविला. १६६१ सालीं त्यांनीं राजापूर घेतलें, वखार लुटली, आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती ह्यांस कैद केलें. ह्या कैद्यांपैकीं कांहींजणांस महाडजवळच्या सोनगडावर ठेवण्यांत आलें होतें. रेव्हिंग्टन आजारी पडल्यामुळें आधीं सुटला; बाकीच्यांची सुटका १६६३ सालीं झाली. महाडच्या परिसरांत इंग्रजांचा पहिला दीर्घ मुक्काम झाला तो असा, तुरुंगांतला. ह्या प्रकरणांत परकीयाच्या वस्तीची पहिली अट स्पष्ट झाली. ज्या कामाकरितां राहण्याची परवानगी घेतली तेंच काम करावें. यजमानाच्या शत्रूचा हस्तक होऊं नये.

पुढें तेरा वर्षांनीं तेच इंग्रज वकिलाच्या वेषानें आले. राजापूरची भरपाई मिळावी, वखारी पुन्हां उघडाव्या, मराठ्यांच्या मुलखांत निर्भयपणें व्यापार करतां यावा, एवढ्यासाठीं मुंबईकर इंग्रजांनीं १६७४ च्या मे महिन्यांत हेन्री ऑक्झिंडेन ह्यास रायगडास पाठविलें. नारायण शेणवी हा त्याचा दुभाषी होता. चौल, अष्टमी, निजामपूर ह्या मार्गानें तो गडाखालच्या पांचाडास पोंचला, तेव्हां महाराज भवानीच्या दर्शनास प्रतापगडास गेले होते. वकिलास पायथ्याशीं थांबावें लागलें. आज परदेशी वकिलातींच्या दारांत उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांना हें वाचून थोडें समाधान वाटेल, कीं एके काळीं ताटकळणारे दुसरे होते!

गड चढून गेल्यावर जवळजवळ महिनाभर ऑक्झिंडेनचा मुक्काम तेथें पडला. ह्या मुक्कामाच्या हकीकती त्याच्या टिपणांत व डॉक्टर फ्रायर ह्याच्या प्रवासवर्णनांत आहेत. गडावर मांस खाणारे लोक थोडे. इंग्रजांस मात्र रोज अर्धा बोकड लागे. इतक्या वर्षांत आपण जेवढें मांस विकलें नाहीं तेवढें चार दिवसांत संपविणारे हे लोक आहेत तरी कसे, हें पाहण्यास म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून आला, असें फ्रायर सांगतो. परका माणूस गांवांत राहूं लागला म्हणजे पहिलें कुतूहल त्याच्या धर्माविषयीं किंवा राजाविषयीं नसतें, त्याच्या ताटाविषयीं असतें, हेंच खरें.

ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं, राज्याभिषेक झाला. ऑक्झिंडेन सिंहासनापुढें गेला, त्यानें नजराणा केला, आणि सिंहासनाच्या बाजूस उभीं केलेलीं राजचिन्हें त्यानें न्याहाळून पाहिलीं. त्यांत एका भाल्याच्या टोकावर समतोल लटकत असलेला सोन्याचा तराजू होता. तें न्यायाचें चिन्ह आहे हें त्याच्या ध्यानांत आलें. पुढच्या आठवड्याभरांत जो तह झाला त्यांत ह्या तराजूचा प्रत्यय येतो.

वाटाघाट निराजी पंडित ह्यांच्यामार्फत झाली. इंग्रजांच्या मागण्या वीस कलमांच्या होत्या. राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी घालण्याची परवानगी मिळाली. आपल्या मालाचा भाव आपण ठरवावा, सरकारानें बांधून दिलेल्या दरानें विकण्याची सक्ती असूं नये, हेंहि मान्य झालें. आणि आयात मालावर शेंकडा अडीच जकात ठरली. परंतु दोन मागण्यांवर प्रथम नकार आला, आणि आमच्या मतें ह्या तहांतील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. पहिली मागणी अशी होती कीं, इंग्रजांचें नाणें मराठ्यांच्या राज्यांत चालावें. उत्तर असें मिळालें कीं, कोणतेंहि नाणें चालण्यास आम्ही मनाई करीत नाहीं. तें वजनानें व कसानें चोख असेल तर आपोआप चालेल. मात्र नुकसान सोसून तें घ्याच अशी सक्ती आम्ही आपल्या रयतेवर करूं शकत नाहीं. दुसरी मागणी फुटलेल्या जहाजांविषयीं होती. किनाऱ्यास लागलेलें जहाज व त्यावरील माल मालकास परत करणें हें कोंकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांस ही सवलत दिली तर फ्रेंच व वलंदेजहि ती मागतील, असें निराजीपंतांनीं कळविलें. पुढें घासाघीस होऊन ह्या दोन बाबींनाहि तहांत कांहींसें स्थान मिळालें. पण नकाराचीं कारणें महत्त्वाचीं आहेत. पाहुण्याच्या सोयीसाठीं रयतेचें नुकसान करावयाचें नाहीं, हें एक. आणि एका परक्यास जें दिलें तें दुसरा परका मागणारच, ह्याचा हिशेब आधीं करावयाचा, हें दुसरें. ज्या राज्याचा अभिषेक होऊन आठवडा उलटला नव्हता, त्याच्या दरबारांत परराष्ट्रव्यवहाराची ही जाण होती.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ह्या तहानें इंग्रजांस जें मिळालें तो कौल होता. राहण्याचा हक्क नव्हे. कौल देणारा जागा नेमतो, काम नेमतो, जकात नेमतो, आणि प्रसंगीं कौल परतहि घेतो. हक्काचें तसें नसतें. तो एकदां अंगीं मुरला कीं देणाऱ्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर मुदतीचा परवाना व कायम वास्तव्य ह्यांतील अंतर तें हेंच. महाराजांनीं इंग्रजांस वखार दिली. वतन दिलें नाहीं.

हा भेद स्वच्छ शब्दांत मांडणारा पुरुष त्या राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांत होता. अमात्य रामचंद्र नीळकंठ ह्यांनीं उतारवयांत, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या गादीसाठीं जो राजनीतीचा ग्रंथ सिद्ध केला, तो आज्ञापत्र ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत सावकार-व्यापाऱ्यांविषयींचें प्रकरण आहे. व्यापारी हे राज्याचें भूषण होत. त्यांच्यामुळें परमुलखांतील दुर्मिळ वस्तु येतात, संकटसमयीं कर्ज मिळतें. म्हणून त्यांचा मान राखावा, बाहेरच्या व्यापाऱ्यांस बोलावून आणावें, असा त्याचा भावार्थ आहे. परक्याची भीति बाळगणारा मनुष्य असें लिहिणार नाहीं. परंतु त्याच प्रकरणांत पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फ्रेंच व डेन ह्या टोपीकरांना अमात्य वेगळे काढतात. कारण काय, तर हे व्यापारी इतर व्यापाऱ्यांसारखे एकटे नाहींत. ह्यांच्यामागें ह्यांचा ह्यांचा राजा उभा आहे. त्याच्या हुकुमानें व त्याच्या बळानें हे येतात. आणि राज्य करणाऱ्यास भूमीचा लोभ नाहीं असें कधीं होत नाहीं.

म्हणून टोपीकरांनीं यावें, व्यापार करावा आणि जावें. ठाण मांडून राहण्यास त्यांना शक्यतों जागाच देऊं नये. जलदुर्गाच्या आसपास तर त्यांचा वावरहि नको, असा अमात्यांचा सल्ला आहे. वखारीस जागा देणें भागच पडलें तर अटी ठरलेल्या. खाडीच्या मुखाशीं किंवा समुद्राच्या कांठीं जागा देऊं नये. समुद्रापासून कांहीं कोस आंत, राजापुरासारख्या गांवीं द्यावी. तीहि गांवाच्या आटोक्यांत राहील अशी सखल जागा असावी, नामांकित व्यापाऱ्यांच्या शेजारीं असावी. आणि पक्की इमारत बांधूं देऊं नये. अशा रीतीनें राहिले तर उत्तम. न राहिले तर त्यांची गरज नाहीं. किनाऱ्यावर जागा दिली तर आरमाराच्या आश्रयानें ते तेथें तोफा व दारूगोळा जमवितील, आणि एवढा मुलूख राज्यांतून गेला असें समजावें, हें त्यामागील कारण.

जागा, शेजार व बांधकाम ह्या तीन गोष्टींवर हा सगळा विचार उभा आहे. परक्याच्या मनांत काय आहे हें आपणांस कळत नाहीं. परंतु तो कोठें बसला आहे, कोणाच्या शेजारीं बसला आहे, आणि मातीची भिंत घालतो कीं दगडाची, हें डोळ्यांनीं दिसतें. कायद्यानें मोजावें तें दिसणारें. मनांतलें मोजूं जाऊं नये. ह्या दृष्टीनें आज्ञापत्रांतील हें प्रकरण फार व्यवहारी आहे. त्यांत उणें दिसतें तें एका ठिकाणीं. टोपीकरांची जातच हट्टी, एकदां हातीं आलेली जागा मरूनहि सोडावयाची नाहीं, असा एक शिक्का ग्रंथकार अख्ख्या समाजावर मारतात. राज्याच्या मागें लागलेला लोभ आणि माणसाच्या रक्तांतला स्वभाव ह्या दोन गोष्टी एक नव्हत. पहिलीस अटींनीं बांध घालतां येतो. दुसरी म्हटली कीं अटींना अर्थच उरत नाहीं. अमात्यांच्या स्वतःच्या अटी मात्र पहिल्या समजुतीवर आधारलेल्या आहेत, म्हणून त्या टिकाऊ आहेत.

त्या टिकाऊ होत्या, पण पाळल्या गेल्या नाहींत. चाळीसच वर्षें लोटलीं, आणि जें देऊं नये म्हणून सांगितलें होतें नेमकें तेंच दिलें गेलें. तुळाजी आंग्र्याचा पाडाव करण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं मुंबईकर इंग्रजांशीं हातमिळवणी केली. १७५५ च्या एप्रिलांत कमोडोर जेम्स ह्यानें सुवर्णदुर्ग घेतला. पाठोपाठ बाणकोट इंग्रजांच्या हातीं आलें. पुढच्या वर्षीं वॉटसन व क्लाइव्ह ह्यांनीं विजयदुर्ग घेतला आणि तो सोडण्यास टाळाटाळ चालविली. अखेरीस १७५६ च्या ऑक्टोबरांत पुण्यास तह झाला. त्यान्वयें इंग्रजांनीं विजयदुर्ग सोडला आणि बाणकोट व त्याभोंवतालचीं कांहीं गांवें कायमचीं मिळविलीं. त्याच तहानें वलंदेजांस मराठ्यांच्या मुलखांत व्यापार करण्यास बंदी झाली.

बाणकोट म्हणजे सावित्रीचें मुख. भरतीच्या पाण्यावर गलबतें येथूनच दासगांव-महाडपर्यंत चढत. खाडीचें मुख, समुद्रकांठ, किल्ला, आणि तो वखार म्हणून नव्हे तर मालकीनें: अमात्यांच्या एकूणएक अटी एका तहांत मोडल्या. इंग्रजांनीं किल्ल्याचें नांव बदलून फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलें. तात्कालिक लाभ पेशव्यांच्या पदरांत पडला नाहीं असें नाहीं. विजयदुर्ग मिळाला, तुळाजी संपला. परंतु स्वतःचें आरमारी बळ परक्याच्या मदतीनें मोडावयाचें, आणि त्याचें मोल म्हणून आपल्या नदीची किल्ली त्याला द्यावयाची, हा सौदा कोणत्या तराजूंत तोलला होता? शिवाय वलंदेजांवरील बंदी पाहावी. १६७४ सालीं, इंग्रजांस दिलें तर फ्रेंच व वलंदेजहि मागतील, म्हणून दरबार हात आंखडून घेत होता. १७५६ सालीं एका परक्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या परक्यास बाहेर ठेवण्यांत आलें. आपल्या घरीं कोणी राहावें हें ठरविण्यांत पाहुण्याचा हात शिरला तो येथें.

तो हात पुढें किती लांबला, हें पाहण्यास बाणकोटाहून खाडीनें वर महाडास यावें. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ यशवंतराव होळकरानें पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला तो सिंहगड, रायगड करीत महाडास आला. येथून त्यानें इंग्रजांकडे आश्रय व जहाज मागितलें. महाडहून सुवर्णदुर्ग, तेथून समुद्रमार्गें वसई, आणि वसईस ३१ डिसेंबर १८०२ रोजींचा तो प्रसिद्ध तह. ह्या तहांतील तैनाती फौजेचें कलम सर्वांस ठाऊक असतें. पण अकरावें कलम क्वचितच कोणी वाचतो. पेशव्यांच्या नोकरींत निरनिराळ्या देशांचे युरोपियन लोक असत. इंग्रजांचें ज्या राष्ट्राशीं युद्ध सुरू होईल त्या राष्ट्राचा कोणी नोकर इंग्रजांविरुद्ध मसलत करतांना आढळल्यास पेशव्यांनीं त्याला काढून टाकावें, आणि आपल्या राज्यांत राहूं देऊं नये, असें बंधन त्या कलमानें घातलें.

विचार करावा. १६६१ सालीं आपल्या शत्रूस मिळालेल्या परक्यास हांकून देण्याचा अधिकार मराठ्यांनीं स्वतः बजावला होता. १८०२ सालीं हाच न्याय कायम राहिला. फक्त 'आपला शत्रु' ह्या शब्दांचा अर्थ 'इंग्रजांचा शत्रु' असा झाला. राज्य गेलें तें १८१८ सालीं. त्या वर्षींच्या मे महिन्यांत रायगडहि पडला. परंतु राज्याचें एक मुख्य लक्षण, म्हणजे आपल्या भूमीवर कोणी राहावें हें ठरविण्याची मुखत्यारी, तें सोळा वर्षें आधींच, महाडच्या वाटेनें जाऊन, गहाण पडलें होतें.

गंमत अशी कीं, ही मुखत्यारी हातीं आल्यावर इंग्रजांनीं ती प्रथम स्वतःच्याच देशबांधवांवर चालविली. कंपनीच्या परवान्यावांचून कोणा इंग्रजासहि हिंदुस्थानांत राहतां येत नसे. कलकत्त्यास वर्तमानपत्र चालविणाऱ्या जेम्स सिल्क बकिंगहॅम ह्यास सरकारवर टीका केल्यामुळें १८२३ सालीं परत धाडण्यांत आलें, तें ह्याच अधिकारानें. १८३३ च्या सनदी कायद्यानें ही अट बव्हंशीं काढून टाकली, आणि इंग्रजांस येथें राहण्याची व जमीन धारण करण्याची मोकळीक दिली. आज्ञापत्रांतील भाकिताचा शेवटचा टप्पा तो हा. मग १८६४ सालीं परकीयांविषयीं कायदा झाला. पुढें १९३९ सालीं परकीयांच्या नोंदणीचा व १९४६ सालीं परकीयांच्या नियमनाचा असे कायदे झाले. ह्या सर्व कायद्यांत 'परकीय' कोण, तर जो ब्रिटिश प्रजाजन नव्हे तो! राज्यकर्ता मात्र परकीयांत गणला जात नव्हता.

महाडच्या इतिहासांत ह्या विषयाचें आणखी एक पान आहे, आणि तें न उलगडतां पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. राहण्याचा हक्क म्हणजे केवळ छपराखालीं झोंपण्याची परवानगी नव्हे. गांवाच्या पाण्यावर, रस्त्यावर, बाजारावर हक्क असणें हें त्याचें खरें अंग आहे. मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेनें त्यास अनुसरून चवदार तळें मोकळें केलें; तरीहि अस्पृश्य मानलेल्या समाजास तेथें पाणी भरतां येईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं हजारों अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी घेतलें. त्यावर मारहाण झाली, दावा झाला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ सालीं अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. ज्या गांवच्या खाडींतून टोपीकरांचीं गलबतें बिनदिक्कत येत-जात, त्याच गांवीं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांस ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें कोर्टांत भांडावें लागलें. परक्यास किती द्यावें ह्याची चर्चा करणाऱ्या समाजानें आपल्याच माणसांस परकें करून ठेवलें होतें. परकीयांच्या वस्तीचे नियम कितीहि सूक्ष्म असले, तरी घरांतच असें खिंडार असेल तर त्या नियमांनीं राज्य राखलें जात नाहीं, हा आमच्या इतिहासाचा कडू धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर मुखत्यारी परत आली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यांतील सर्वसाधारण नियम असा कीं, परकीयास नागरिक व्हावयाचें असेल तर अर्जापूर्वींचे सलग बारा महिने आणि त्यामागील चौदा वर्षांपैकीं एकंदर अकरा वर्षें त्यानें ह्या देशांत काढलेलीं असावींत. त्याचें वर्तन चांगलें असावें. आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील एका भाषेचें पुरेसें ज्ञान त्याला असावें. ह्या परिशिष्टांत मराठी आहे. म्हणजे परक्या माणसानें महाडास राहून उत्तम मराठी आत्मसात केली, तर भाषेपुरती तरी त्याची परीक्षा उतरली. दुभाष्यावांचून एक वाक्य बोलूं न शकणारा ऑक्झिंडेन ह्या कसोटीस उतरला नसता! भाषेची ही अट आम्हांस फार मोलाची वाटते. अमात्यांनीं परक्याचा शेजार पाहिला. घटनाकारांच्या पिढीनें त्याची बोली पाहिली. शेजाऱ्याशीं बोलतां येणें ही वस्तीची खरी सुरुवात होय.

२०१६ सालीं केंद्र सरकारनें आणखी एक योजना मंजूर केली. ज्या परकीयानें अठरा महिन्यांत किमान १० कोटि रुपये किंवा छत्तीस महिन्यांत किमान २५ कोटि रुपये ह्या देशांत गुंतविले, आणि ज्याच्या गुंतवणुकीनें दर वर्षीं किमान २० भारतीयांस काम मिळालें, त्याला दहा वर्षांचा, पुढें वाढवितां येणारा, वास्तव्याचा दर्जा द्यावा. राहण्यासाठीं एक घर विकत घेऊं द्यावें. पोलिसांकडील नोंदणींतून त्याला सूट असावी, असें ठरलें. त्यानंतर १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलांत आला, आणि १९३९ व १९४६ चे जुने कायदे रद्द झाले. २०१६ च्या योजनेंत अमात्यांच्या पद्धतीचा अंश दिसतो: मोजावें तें दिसणारें. किती पैसा आणला, किती हातांना काम दिलें, किती घरें घेतलीं. मुदत दहा वर्षांची, म्हणजे हाहि एक कौलच. परंतु एक प्रश्न उरतो. महाडसारख्या ठिकाणीं कारखाना आला म्हणजे पैसा व काम येतें हें खरें. नदीचें पाणी व हवा ह्यांवरहि त्याचा भार पडतो हेंहि तितकेंच खरें. नाणें कसदार असेल तर चालेल, पण रयतेनें नुकसान सोसून तें घ्यावें अशी सक्ती नाहीं, हें रायगडावरचें उत्तर येथें पुन्हां आठवावें लागतें. गुंतवणुकीचे कोटि मोजणाऱ्यानें सावित्रीच्या पाण्याचा कसहि मोजला पाहिजे. मग ती गुंतवणूक परक्याची असो वा आपली.

आतां तराजूचें दुसरें पारडें. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानें नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे परवाने वर्षास सुमारें एक लाख चाळीस हजार ठरविले, आणि कोणत्याहि एका देशाच्या वांट्यास शेंकडा सातांहून अधिक जाऊं नयेत असें बंधन घातलें. देश लहान असो वा मोठा, वांटा तोच. म्हणून भारतीयांची रांग इतकी लांबली. त्या रांगेंत पुण्या-मुंबईचीं किती घरें उभीं आहेत हें वाचकांस सांगावयास नको. आपणांस तो नियम अन्यायाचा वाटतो, आणि त्यांत अन्याय आहेहि. कारण त्यांत माणसाचें काम मोजलें जात नाहीं, जन्मभूमि मोजली जाते. ह्याउलट वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पाहावे. इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलणारा हा क्रांतिकारक १९२४ सालीं मेक्सिकोस पोंचला. त्या देशानें त्याच्या हातांतलें कसब पाहिलें, चापिंगोच्या कृषिविद्यालयांत त्याला अध्यापक केलें, आणि त्यानें तेथील शेतकऱ्यांसाठीं मक्याच्या सुधारणेचें काम केलें. राज्य घेण्यास आलेला परका व राबण्यास आलेला परका ह्यांतील अंतर मेक्सिकोला ओळखतां आलें.

हें अंतर ओळखणें हीच ह्या विषयांतील खरी कसोटी आहे. मागें सैन्य घेऊन येणाऱ्यास खाडीचें मुख देऊं नये. मागें कांहीं नसून केवळ हातांत कौशल्य व पदरीं कुटुंब असणाऱ्यास जन्मभर दारांत उभें करूं नये. इतिहासानें आपणांस दोन्ही बाजूंस उभें केलें आहे: आपण कौल देणारे होतों, कौल देण्याची मुखत्यारी गमावलेले होतों, आणि आज दुसऱ्याच्या दारीं कौल मागणारेहि आहों. इतका अनुभव असलेल्या लोकांनीं परक्याविषयीं बोलतांना भोळेपणा दाखवूं नये, आणि निर्दयपणाहि दाखवूं नये.

'वसाहत' हा आपल्या भाषेंतील शब्द मोठा चमत्कारिक आहे. परक्यानें येऊन मुलूख बळकावला त्यालाहि आपण वसाहत म्हणतों, आणि महाडच्या माळावर कारखाने उभे राहिले त्यांनाहि वसाहतच म्हणतों. एका अर्थांतून दुसरा अर्थ केव्हां डोकावेल ह्याची वाट न पाहतां, रायगडावरील तो सोन्याचा तराजू आधींच हातीं धरावा. त्याचीं दोन्ही पारडीं समतोल होतीं असें त्या टोपीकरानेंच लिहून ठेवलें आहे.